माझं प्रत्यार्पण होता होता

नाव बदलण्यामागे परदेशी पळून जाण्याचा माझा काही हेतू नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कोर्टातही मी हे चार वेळा सांगितलं. तिथं ते कुणी लिहून घेतलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझं कागदोपत्री नाव बुनलुअ, म्हणजे शिल्लक राहिलेलं पुण्य. आजोबांनी ठेवलेलं. या नावानं मला आयुष्यात कुणी हाक मारली नाही. घरात, गल्लीत आणि छत्तीस वर्षं वीज कचेरीत मी सगळ्यांचा कुंग. कुंग म्हणजे कोळंबी. जन्मलो तेव्हा लालसर आणि वाकडा होतो म्हणे. आमच्या थायलंडात प्रत्येकाला असं एक घरचं नाव असतं आणि तेच खरं. कागदावरचं नाव दाखला काढायच्या दिवशी तेवढं पेटीतून बाहेर येतं. माझ्या सख्ख्या मेहुण्याचं कागदावरचं नाव मी पहिल्यांदा त्याच्या लग्नाच्या फलकावर वाचलं आणि चुकीच्या मांडवात आलो असं समजून अर्ध्या वाटेपर्यंत परत गेलो होतो.

तर निवृत्त झालो त्या वर्षी माझी स्कूटर चोरीला गेली, गुडघा धरला, आणि अंगणातलं आंब्याचं झाड वारा नसताना शेजारच्या लामयाईमावशींच्या शेवयांच्या गाडीवर पडलं. मावशी भल्या बाई. गाडीचं छप्पर चेपलं तरी मला शिव्या दिल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "कुंग, तुझं नाव बाधतंय. बदलून टाक."

"या वयात?"

"मी तीनदा बदललं. पहिल्या नावात नवरा दारू प्यायचा, दुसऱ्यात सासू घरात होती, तिसऱ्यात दोघं गेले. आता बघ कशी सुखात आहे!"

मला हे पटलं नव्हतं. पण मावशींनी आग्रह केला आणि मला नाही म्हणवेना. आमच्या लोकांना भीड फार. समोरच्याचा हिरमोड होऊ नये म्हणून आम्ही नको असलेला तिसरा वाडगा खातो, न समजलेल्या विनोदाला हसतो, आणि माझ्यासारखा एखादा तुरुंगात जातो. पण ते पुढं येईलच.

गावच्या विहारातले भंते चुएन नावं काढून देतात. ऐंशीच्या घरातले, कमी बोलणारे. माझा जन्म बुधवारचा आणि नावात बुधवारला वर्ज्य असलेलं एक अक्षर साठ वर्षं ठाण मांडून बसलेलं. भंतेजींनी एक जुनी चौरेघी वही काढली, सावकाश पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "थनाक्रित. धन निर्माण करणारा. चांगलं आहे. सध्या मोकळं आहे."

'सध्या मोकळं' या दोन शब्दांवर मी तेव्हाच थांबायला हवं होतं. खोली भाड्यानं घेतानासुद्धा माणूस आधीचा भाडेकरू का गेला हे विचारतो. मी विचारलं नाही. भंतेजींना काय विचारायचं, म्हणून वाकून नमस्कार केला आणि निघालो.

तालुका कचेरीत चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला घरनोंदणीची वही विसरलो, दुसऱ्या खेपेला साहेब विसरले की मी पहिल्यांदा येऊन गेलोय. तिसऱ्या खेपेला 'कारण' या रकान्यात मी खरं खरं लिहिलं: आंब्याचे झाड पडले. कारकून मुलगी म्हणाली, "काका, असं नका हो लिहू, साहेब वृक्षतोडीच्या टेबलाकडे पाठवतील. 'मंगल व्हावे' लिहा. सगळे तेच लिहितात." चौथ्या खेपेला मी थनाक्रित फाइबूनसिन झालो.

झालो खरा, पण कुणाच्या गावी नव्हतं. बायकोला, ओईला, म्हटलं, "आता निदान घरी तरी थनाक्रित म्हणत जा." ती भात निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोळंबीला कितीही मोठ्या ताटात ठेवा, वास यायचा तो येतोच." मी आरशासमोर उभा राहून स्वतःलाच दोन-तीनदा हाक मारली. पण ती काही खरी हाक नव्हे.

अशात विहारातर्फे बोधगयेची यात्रा निघाली. ओईची लग्नापासूनची इच्छा. यात्रेची सगळी व्यवस्था चांग बघत होता. चांग हा माझा दूरचा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चांग म्हणजे हत्ती, आणि अंगानं म्हणाल तर वाळलेली शेंग. दहा वर्षं युरोपातल्या एका थंड देशात काढून दोन वर्षांपूर्वी तो परत आला होता. तिथं काय करत होतास विचारलं की 'व्यापार' म्हणायचा. पण माणूस मोठा गोड. विहाराच्या समितीवर होता, गावातल्या प्रत्येक कार्यात खुर्च्या मांडायला पुढं. यात्रेकरूंचे पासपोर्टचे अर्ज त्यानंच भरून दिले. माझा अर्ज भरताना मात्र नावापाशी त्याचं पेन थांबलं.

"हे कधी झालं, दादा?"

"दीड महिना झाला. कसं वाटतं?"

"छान आहे," तो म्हणाला आणि पुढचं सगळं फार झरझर लिहिलं. तू स्वतः का येत नाहीस विचारलं, तर विमानात गरगरतं म्हणाला. दहा वर्षांपूर्वी तो चालत गेला होता की काय, असा विचार मनात आला, पण विचारणं बरं दिसलं नसतं.

पासपोर्ट काही आला नाही. त्याऐवजी तीन आठवड्यांनी पोलीस कॅप्टन आला. बरोबर दोन शिपाई. भर दुपारची वेळ, तिघंही घामानं निथळत होते. कॅप्टननं कागद उघडला आणि विचारलं, "आपणच श्री. थनाक्रित फाइबूनसिन का?"

काय सांगू! दोन महिने ज्या हाकेसाठी कान आसुसले होते ती ही. एका परक्या, गणवेशातल्या, सुशिक्षित माणसाच्या तोंडून, 'श्री.' लावून. मी म्हणालो, "होय, मीच!"

"नक्की?"

"अहो, नक्की म्हणजे काय! मीच थनाक्रित."

"थायलंडचे नागरिक, जन्म बुधवारचा?"

"बुधवारचाच. बसा ना, सरबत घ्या."

त्यांनी सरबत घेतलं, शेवया घेतल्या, आणि मग मला घेतलं. पंचनाम्यात कॅप्टननं लिहिलेलं वाक्य मी नंतर वाचलं: 'इसमाने स्वतःची ओळख तीन वेळा, दबावाविना व आनंदाने मान्य केली.' आनंदाने या शब्दाखाली कुणीतरी लाल रेघ मारली होती.

गाडीत कॅप्टननं मला समजावून सांगितलं. त्या थंड देशाला थनाक्रित फाइबूनसिन नावाचा माणूस हवा होता. फसवणुकीचा आरोप. त्यांनी स्वतःच्या वकिलातीमार्फत आपल्या परराष्ट्र खात्याला लिहिलं, त्या खात्यानं महाधिवक्त्याला, महाधिवक्त्यानं कोर्टाला, कोर्टानं वॉरंट काढलं, आणि संगणकात ते नाव टाकून सगळे वाट बघत बसले. दोन वर्षं काही नाही. मग माझा पासपोर्टचा अर्ज आला.

"पण मी तो नाहीच!" मी म्हणालो.

"मघाशी तर होता."

"नाव माझं आहे, माणूस मी नाही. दोन महिन्यांपूर्वी मी बुनलुअ होतो."

"काका, फरारी माणसं नावं बदलतातच. त्यात काही नवल नाही." तो सहानुभूतीनं म्हणाला. "आणि आडनाव? एक आडनाव एकाच घराण्याला, असा आपला कायदा. जगात फाइबूनसिन तेवढे तुमचेच. घराण्यात दुसरा कुणी थनाक्रित आहे का?"

"कागदावरची नावं कुणाला पाठ असतात हो?" मी म्हणालो. आणि तुम्हीच सांगा, तुमच्या मावसबहिणीच्या दिराचं नाव तुम्हाला ठाऊक आहे?

बँकॉकच्या कच्च्या कैदेत माझी रवानगी झाली. तिथं सोबतीला एक बनावट घड्याळवाला आणि एक खरा घड्याळचोर होता, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. माझ्यावर प्रत्यार्पणाचा खटला आहे म्हटल्यावर दोघंही मला आदरानं अंगणाच्या सावलीतली जागा देऊ लागले. खरं सांगतो, पहिले दोन दिवस तो आदर मला थोडा आवडला. तिसऱ्या दिवशी मला कळलं की साठ दिवसांत कागद कोर्टात दाखल होतील, आणि कोर्टानं मान्य केलं की मला विमानात बसवून त्या देशाच्या हवाली करतील. तेव्हा मात्र तोंडचं पाणी पळालं. त्या देशाचं हवामान मी भूगोलात शिकलो होतो.

माझे वकील विरोत हे लामयाईमावशींचे जावई. हुशार माणूस, पण प्रत्यार्पणाचा खटला त्यांना जन्मात पहिल्यांदाच मिळाला होता आणि तो लवकर संपावा असं त्यांना वाटत नव्हतं.

"साहेब, साधी गोष्ट आहे," मी म्हणालो. "त्यांच्याकडे त्या माणसाचे ठसे असतील, फोटो असेल. ताडून बघा."

"आहेत ना! सगळं दुसऱ्या खंडात आहे."

"मग उघडा दुसरा खंड."

विरोत यांनी चष्मा काढला. "तिथंच गोम आहे. मागणीचे कागद तीन खंडांत आले. प्रत्येक खंडाला भोक पाडून त्यातून लाल फीत ओवलेली आणि फितीच्या टोकांवर लाखेची मोहर. मोहर शाबूत असेल तरच तो कागद कागद. पहिल्या खंडात त्यांचे कायदे, तिसऱ्यात साक्षीदारांचे जबाब, दुसऱ्यात ओळखीचा पुरावा. दुसऱ्या खंडाची फीत प्रवासात कुठंतरी कापली गेली. आता तो कायद्यानं अस्तित्वातच नाही. पुन्हा फीत ओवून घ्यायला परत पाठवलाय."

"पण तो इथं होता तेव्हा कुणी आत डोकावून बघितलं असेल की!"

"छे! अस्तित्वात नसलेल्या खंडात डोकावणार कसं?"

मी म्हणालो, मी कधी देशाबाहेरच गेलो नाही, हे तरी सिद्ध करा. ओई त्यासाठी पारपत्र कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी सांगितलं की माणूस गेला याचा दाखला मिळतो, गेला नाही याचा नमुना छापलेला नाही. वर त्यांनी संगणकात बघून थनाक्रित फाइबूनसिन गेल्याचा आणि परत आल्याचा दाखला मात्र पाच मिनिटांत, शिक्क्यासह, हसतमुखानं तिच्या हातात ठेवला. ओईनं भिडेनं तो घेतला. सरकारी वकिलांनी पुढं तो पुरावा म्हणून लावला.

काचेपलीकडून फोनवर ती मला म्हणाली, "छत्तीस वर्षं मीटर तपासलेत तुम्ही लोकांचे. एक नाव तपासून घेता आलं नाही?" मग रडली. मग म्हणाली, "यात्रेचं तिकीट परत होत नाही म्हणतायत."

"तू जा," मी म्हणालो. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "बरं. तुमच्यासाठीही हात जोडीन." आणि गेली. कैदेत पडलेल्या माणसाला सोडून यात्रेला जाणारी बायको मिळायला पुण्य लागतं, आणि माझं शिल्लक होतं ते मी तालुका कचेरीत जमा करून आलो होतो.

त्या दिवसांत भेटायला आला तो एकटा चांग. दर बुधवारी न चुकता, भाजलेलं डुकराचं मांस आणि चिकट भाताचा डबा घेऊन. घरच्या माणसाचा चेहरा दिसला की माझे डोळे भरून यायचे. चांग काचेला हात लावून म्हणायचा, "दादा, जिवाला लावून घेऊ नकोस. मी काय सांगतो ऐक. संमतीपत्रावर सही करून टाक."

आमच्या कायद्यात तशी सोय आहे. आपल्या नागरिकाला परदेशाच्या ताब्यात द्यायचं तर एक सोपी वाट म्हणजे त्याची स्वतःची संमती. ती दिली की फीत नको, मोहर नको, दुसरा खंड नको.

"अरे पण मी गुन्हा केलेला नाही!"

"म्हणून तर! तिकडे उतरलास की ते बघतील, हा तो नव्हे. लगेच परत पाठवतील. सरकारी खर्चानं युरोप. आणि समजा राहावं लागलंच, तर तिथल्या कोठडीत भिंतीतून गरम वाफेचे नळ असतात. शुक्रवारी मासे. बटाटे तेवढे रोज, त्याला इलाज नाही. वाचनालय आहे. तळमजल्याची खोली मागून घे, वरच्या मजल्यावर खिडकी नीट लागत नाही."

किती माहिती या माणसाला, असं मला कौतुक वाटलं. इतक्या आस्थेनं कुणी माझा विचार केला नव्हता. विरोत यांनाही विचारलं, तर ते म्हणाले, "संमती दिलीत तर माझा युक्तिवाद बुडेल, पण निर्णय तुमचा." दोघांचंही मन मोडायचं जिवावर आलं. संमतीपत्र मागवून मी ते तीन दिवस उशाखाली ठेवलं होतं. सही झाली नाही याचं कारण एवढंच, की घड्याळचोरानं माझं पेन लांबवलं.

ओई परत आली, बोधिवृक्षाचं एक वाळकं पान घेऊन. संमतीपत्राचं ऐकल्यावर तिनं काचेवर असा हात आपटला की पहारेकरी उठून उभा राहिला. "मला बोधगया दाखवायला नव्हता वेळ आणि आता एकटे युरोपला निघाले! खबरदार सही केलीत तर."

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. यात्रेची सगळी मंडळी आली होती. मागच्या बाकावर चांग, मांडीवर माझा डबा. साक्षीदार म्हणून भंते चुएन यांना बोलावलं होतं. हे नाव माझ्या आधी कुणाला दिलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं असतं तरी मी सुटलो असतो. पण आमच्याकडे भिक्खूला साक्ष द्यायची सक्ती नाही. भंतेजी आले, बसले. न्यायाधीशबाईंनी उठून त्यांना नमस्कार केला आणि प्रश्न विचारला. भंतेजींनी एकदा सभागृहावरून नजर फिरवली, मंद हसले आणि गप्प राहिले. ते शांतपणे गप्प बसले आणि मी अशांतपणे. पाच मिनिटांनी बाईंनी त्यांचे आभार मानले.

मग विरोत उठले. माझी ओळख वगैरे किरकोळ बाबींत ते शिरलेच नाहीत. त्यांचा मुद्दा होता की जी गोष्ट दोन्ही देशांत गुन्हा आहे तिच्यासाठीच माणूस देता येतो. आणि आरोप काय, तर आरोपीनं त्या देशात तावीज विकले. घालणाऱ्याला थंडी वाजणार नाही, अशी हमी देऊन. "मॅडम, तावीज विकणं आपल्याकडे गुन्हा ठरला तर अर्धा देश आत जाईल! सरकारी वकीलसाहेबांच्याच गळ्यात या क्षणी पाच आहेत."

"सहा," सरकारी वकील म्हणाले.

लोक हसले. बाईही किंचित हसल्या. मला वाटलं, सुटलो. सरकारी वकील मात्र हसले नाहीत. त्यांनी तिसरा खंड उघडला, ज्याची फीत शाबूत होती, आणि एक जबाब वाचला. तिथल्या एका म्हाताऱ्याचा. एकटा राहणारा, पंचाहत्तरीचा. तो विक्रेता रोज संध्याकाळी त्याच्याकडे चहाला यायचा. म्हाताऱ्याला कुणी नव्हतं, म्हणून त्याला तो फार आवडायचा. तावीज घालून म्हातारा बर्फात सरपण आणायला साध्या चपलांनी गेला, कारण मित्रानं सांगितलं होतं. डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. जबाबाच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं: 'मला बोटांचं काही नाही. मला त्याला एकच विचारायचंय, तू स्वतः घातला होतास का? मी त्याला त्याच्या घरच्या नावानं हाक मारायचो. तो म्हणाला होता, गावी मला सगळे हत्ती म्हणतात.'



बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला विचारलं, "तुमचं घरचं नाव काय?"

"कोळंबी, मॅडम."

"कोळंबी?"

"लहानपणापासून. यात्रेची सगळी मंडळी सांगतील." आणि सगळ्या मंडळींनी एका सुरात सांगितलं.

सरकारी वकिलांनी खंड मिटला. त्यांचाही चेहरा पडला होता. ठसे खोटे असू शकतात, नाव बदलता येतं, पण घरचं नाव कुणी बदलत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाईंनी थोडं पुढं वाकून विचारलं, "तुमच्या घराण्यात हत्ती कोण आहे?"

भिंतीतून गरम वाफेचे नळ. शुक्रवारी मासे. वरच्या मजल्यावर खिडकी नीट लागत नाही. एवढा वेळ मी काय ऐकत होतो! मला रागानं घाम फुटला, आणि त्याच क्षणी काकू आठवली. चांगची आई. ब्याऐंशी वर्षांची, मुलगा परत आला म्हणून दोन वर्षं विहारात रोज दिवा लावणारी. मी बोललो तर तो जाणार, नाही बोललो तर मी. मी शपथ घेतलेली होती. पण शपथेपेक्षाही मला तो म्हातारा दिसत होता, बर्फात चपला घालून निघालेला, कारण भिडस्त माणसासारखा त्यानंही मित्राचं ऐकलं होतं. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला.

मी मागं वळलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाची भीड वाटली नाही.

"चांग," मी म्हणालो, "ऊठ."

लहानपणी झाडावरून उतरायला, नदीतून बाहेर यायला मी त्याला अस्संच सांगत असे. तो उठला. डबा हातात तसाच.

"नाव?" बाईंनी विचारलं.

"पुन्नाविच फाइबूनसिन." हे नाव त्या क्षणी आम्ही सगळ्यांनीच पहिल्यांदा ऐकलं.

"आधीचं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "ते आता यांचं आहे, मॅडम."

मला त्या दिवशी सोडलं नाही. सुटकेचा हुकूम 'ज्याची मागणी झालेली नाही असा थनाक्रित' याच्या नावे होता आणि तुरुंगाच्या नोंदीत माझं नाव 'ज्याची मागणी झाली आहे असा थनाक्रित' असं होतं. दुरुस्ती व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. घड्याळचोरानं निरोप देताना माझं पेन परत केलं.

घरी काकू येऊन बसली होती. मी पाया पडलो. मला वाटलं आता ही मला काय काय बोलेल. ती फक्त म्हणाली, "तिथं जेवायला देतात का रे नीट?" मला फार वाईट वाटलं. ओईनं तिला हाताला धरून आत नेलं.

पुढच्या बुधवारी मी चांगच्या भेटीला गेलो. त्याच काचेशी, पण आता या बाजूनं. ओईनं डबा दिला होता, मांस आणि भात. चांग मान वर करेना. मी फोन उचलला.

"त्यानं विचारलंय, तू स्वतः घातला होतास का?"

"घातला होता, दादा," तो म्हणाला. "खाली दोन स्वेटर होते."

मला हसू आलं आणि हसल्याची लाज वाटली. तोही हसला, आणि मग रडायला लागला. थोड्या वेळानं त्यानं बाही डोळ्यांना लावली आणि पहारेकऱ्याला हाक मारून संमतीपत्र मागितलं.

कारकून कागद घेऊन आत आला. सहीच्या जागी चांगचं पेन थांबलं. "कुठलं नाव लिहू, दादा?"

"तो म्हातारा तुला कुठल्या नावानं ओळखतो?"

त्यानं सावकाश 'चांग' असं लिहिलं.

कारकुनानं कागद हातात घेऊन बघितला. "हे नाव नोंदणीत नाही. असं चालत नाही."

"चालेल," मी काचेवर बोट ठेवून म्हणालो. "तिकडे त्याची याच नावानं वाट बघतायत."